आरपार जायला नको

—नाही नाही, ती स्वस्तातली भरीव गोळी नकोच मला, राजा, ती ठेव डबड्यांवर नेम धरणाऱ्या पोरांसाठी. ती भिंतीतूनसुद्धा आरपार जाते म्हणे. खरं ना? बघ, म्हातारीला काही कळत नाही असं समजू नकोस— हे पिस्तूल आमच्या ऑर्विलचं, माझ्या नवऱ्याचं आहे, नाईन एमएम, पर्समध्ये मजेत मावतं. तो गेल्यापासून गोळ्या कपाटातच पडून होत्या, हिरव्या पडल्यात. म्हटलं, नव्या घेऊ. बुधवारी चर्चमधून येताना अंधार होतो, रस्त्यात चिटपाखरू नसतं, जवळ असलेलं बरं. बाहेर बाळगायला हं. घरात कशाला लागतंय?

भिंतीचं का विचारलं? अरे, सहज. आमचं ते चाकांवर आणून ठेवलेलं घर, भिंती कसल्या, पुठ्ठे आहेत— एकजण शिंकला की पलीकडचा 'देव भलं करो' म्हणतो. आणि माझ्या भिंतीपलीकडे टेसा झोपते, माझी नात. सात वर्षांची आहे, पण तिच्यासमोर सात म्हणायची सोय नाही, साडेसात म्हणायचं, नाहीतर लगेच गाल फुगवते. तर दाखव ना ती पोकळ टोकाची. अगं बाई! आत शिरल्यावर अशी फुलते होय? आणि मग आतच थांबते? बरं. आतच थांबते, पलीकडे जात नाही, म्हणजे छानच— छान कसलं, मेलं! काय बोलतेय मी.

यातली हलकी नसते का रे? म्हणजे माणूस नुसता खाली बसेल, घाबरेल, आणि थोड्या वेळानं उठेल— पायाला लावली तर? नसते. कळलं, तुझा चेहराच सांगतोय. असं विचारणारे येतच असतील तुझ्याकडे. नाही येत?

बरं, आणखी एक. मघाशी त्या टोपीवाल्याला सांगत होतास ना, जाड कापड त्या पोकळीत भरलं की गोळी फुलतच नाही, भरीव गोळीसारखी सरळ पार होते— माझे कान शाबूत आहेत अजून. तर समज, थंडीचा कोट असेल. तपकिरी, जाड कॅनव्हासचा, आत रजईसारखं अस्तर. पातळ कुठला, दुकानातला सगळ्यात जाड बघून मीच घेतला होता, तेलविहिरीवर कामाला लागला तेव्हा, आपली मोंटानाची थंडी काय मस्करी आहे? नंतर खिशापाशी उसवला, तर आतून दुसरं अस्तर घालून दिलं मी—

कोणाचा म्हणजे? कोणाचा नाही. चोराचा. चोर काय उघडे फिरतात इथे?

शुक्रवारी तुरुंगातून सुटतोय तो. डॅरिल. माझा मुलगा, टेसाचा बाप. फोनवर एवढंच म्हणाला, 'आई, पोरीला तयार ठेव.' मागच्या वेळी नशेत दार फोडून आला, तिला झोपेतून ओढून गाडीत कोंबली, आणि पुलाजवळ गाडी उलटली— तिचा हात अजून सरळ होत नाही रे. शेरीफला सांगितलं. तो म्हणतो, सुटून येऊन काही केल्याशिवाय मला हात लावता येत नाही, त्यानं घराजवळ फिरकू नये असा कोर्टातून मनाईचा कागद आण. गेले की! तिथली बाई विचारते, ज्याच्यापासून भीती आहे त्याच्याशी नातं काय? आणि मी उठून आले. 'मुलगा' एवढं म्हणवेना. आणि इथे, गावचं दुकान सोडून तुझ्याकडे येऊन, पोटच्या पोरासाठी गोळी निवडतेय, त्याची काही लाज वाटली नाही मला. थू माझ्यावर.

रडत नाहीये मी. तू कोटाचं सांग. नाहीतर असू दे, कोटाचं काही अडत नाही. दारात आला की मी नेहमी म्हणतेच, आधी कोट काढ, मग टेबलाशी बस. आणि काढतो हं तो, कितीही तारेत असला तरी. माझं एवढं एक ऐकतो. कोट काढून खुंटीला लावतो, आणि नुसत्या शर्टात माझ्यासमोर येऊन—

बघू नकोस माझ्याकडे असा. तो डबा आत ठेव. ठेव म्हटलं ना! आणि हे पिस्तूलही राहू दे तुझ्याजवळच, पर्समध्ये परत नको घालूस. कोर्ट पाचपर्यंत उघडं असतं ना? मग सोड हात, जाऊ दे मला.