गणपूर्तीअभावी तहकूब

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष श्री. अनार्गिरोस, आशीर्वाद द्यायला मुद्दाम थांबलेले आदरणीय धर्मगुरू पापा-फिलिप्पास, शाळेच्या मुख्याध्यापिका, नगरसेविका आणि दुर्दैवाने माझी मेहुणी सौ. उरानिया, सत्कारमूर्ती एव्दोकियाबाई, आणि जेवणाचा वास येत असूनही अजून खुर्चीवर टिकून असलेल्या माझ्या बेटवासी बंधुभगिनींनो,

बाईंच्या निरोपाला बोलायला मलाच का उभं केलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. नगराध्यक्ष म्हणाले, "थ्रासिवुलोस, चौतीस वर्षांत बाईंशी तुमच्याइतकं कोणी भांडलेलं नाही. तुम्हीच योग्य."

हे खरं आहे. मी या बेटावरचा हॉटेलवाला आणि पाच वेळा निवडून आलेला नगरसेवक. बाई नगरपालिकेच्या सचिव. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं. आणि त्रास असा, की माणसाला जे म्हणायचं होतं ते बाई लिहीत नाहीत, तो जे म्हणाला ते लिहितात! एकदा भर सभेत मी एका सन्माननीय सदस्याला, जे आज नगराध्यक्ष आहेत, काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी प्रकरण तापलं. मी म्हणालो, "मी त्यांना बकरा म्हटलंच नाही." बाईंनी वही उघडली, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. बोकड म्हटलं होतं."

असो. मला सांगायचंय ते नऊ वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातलं.

तो काळ तुम्हाला आठवत असेल. समोरच्या किनाऱ्यावरून निर्वासितांनी भरलेल्या रबरी बोटी सुटत होत्या आणि आपल्या गावात घराघरात दोन पक्ष पडले होते. माझं म्हणणं होतं, आपल्या बेटावर डॉक्टर एक, पिण्याचं पाणी जहाजाने येतं, हिवाळ्यात दुकानं दोन. सगळ्या युरोपाचा भार आपणच का उचलायचा? उरानियाचं म्हणणं, बुडणाऱ्याला डॉक्टर किती ते विचारायचं नसतं. रविवारच्या जेवणाला आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसायचो आणि मधे बसलेली माझी बायको दोघांनाही ऑक्टोपस वाढून म्हणायची, "आधी गिळा, मग बोला."

शेवटी खास सभा लागली. विषय एकच: बोटींतून वाचवलेल्यांना आपल्या धक्क्यावर उतरू द्यायचं की नाही. सदस्य नऊ. सकाळी दहाची वेळ. विरोधाचा ठराव माझा, त्यामुळे पहिलं भाषण माझं. तीन पानं लिहून आणली होती. नवा सूट घातला होता.

पहिल्या पानावर असताना सारांदिसचा फोन थरथरला. सारांदिस कोळी, माझ्याच पक्षाचा. तो उठला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोट बिघडलंय." गेला. मी म्हटलं, होतं असं. मग उरानियाच्या पक्षातल्या एकीला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. मग माझ्या पक्षातल्या एकाच्या बकऱ्या सुटल्या. सभागृहात बसून याला बकऱ्या सुटलेल्या कशा कळल्या, असा विचार माझ्या मनात आला. पण भाषण रंगात होतं. नगराध्यक्षांना महत्त्वाचा फोन आला. ते खुर्ची सोडून गेले तेव्हा मला वाटलं, माझे मुद्दे यांना झोंबले! मी आवाज चढवला. शेवटी उरानिया उठली. "भाऊजी, तुमचं चालू द्या, मी आलेच," आणि टाचांचे बूट हातात घेऊन जिना उतरली. बूट हातात का, हेही मी विचारलं नाही.

वक्त्याला एवढं भान कुठे असतं, सांगा बरं?

तिसऱ्या पानावर आलो तेव्हा सभागृहात दोघंच उरलो होतो. मी आणि बाई. मी विचारलं, "बाई, लिहिताय ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पाचाच्या खाली माणसं गेली तेव्हाच सभा संपली. गेली सात मिनिटं तुम्ही माझ्याशी खाजगीत बोलताय."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा तोंड उघडलं. तुमचं वाक्य संपेना."

"आणि सगळे गेले कुठे?"

बाईंनी पेनाने खिडकीकडे दाखवलं.

खाली, सेंट जॉर्जच्या देवळाखालच्या खडकांवर एक रबरी बोट फाटून अडकली होती. माणसं गळ्याएवढ्या पाण्यात होती. आणि त्या पाण्यात पोट बिघडलेला सारांदिस एक तान्हं मूल डोक्यावर धरून उभा होता.

मी काय केलं? खरं सांगतो. आधी तिसरं पान नीट घडी करून खिशात ठेवलं. नऊ वर्षं झाली, ती घडी मला अजून टोचते. तेवढ्यात बाई टेबलावर चढल्या होत्या. म्हणाल्या, "उभे काय राहिलात? पडदे ओढा!" सभागृहाचे ते लाल मखमली पडदे आम्ही दांडीसकट खाली आणले आणि खांद्यावर टाकून पळालो.

खडकांवर सगळे नऊच्या नऊ सदस्य जमले होते आणि कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. माझ्या पक्षातल्यांना भीती, मतदार बघतील. उरानियाच्या पक्षातल्यांना रुखरुख, फोटो काढायला कोणी नाही. हाताला हात धरून साखळी केली. माझ्या एका हाताला सारांदिस, दुसऱ्या हाताला मेहुणी. तीही छातीएवढ्या पाण्यात.

"भाऊजी, भाषण संपलं?"

"नाही."

"मग राहू दे. हात घट्ट धरा."

फोटोवाला आला, पण उशिरा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर एक भिजलेली म्हातारी होती, लाल पडद्यात गुंडाळलेली. छातीवर जरीच्या अक्षरांत स्वच्छ वाचता येत होतं: "हॉटेलमालक संघातर्फे सप्रेम भेट. अध्यक्ष: थ्रासिवुलोस." माझ्या पक्षाला त्याचं स्पष्टीकरण मी अजून देतोय.

एक्केचाळीस जण निघाले. बोटीत बेचाळीस होते. एक तरुण, ज्याने पोरं एकेक करून सारांदिसच्या हातात दिली होती, तो दुपारी सापडला.

पुढच्या गुरुवारी इतिवृत्त वाचायचं होतं. त्याआधी माझ्या पक्षाने बाईंना गाठलं, नावं घालू नका. उरानियाच्या पक्षाने गाठलं, नावं ठळक घाला. बाईंनी वाचलं: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. सदस्य पुढील वैयक्तिक कारणांसाठी बाहेर गेले: पोट, दूध, बकऱ्या, फोन." बस. एवढंच. सभागृहात कोणाला हसावं की खाली बघावं कळेना. मग मी उरलेलं भाषण पूर्ण केलं, माझा ठराव पाच विरुद्ध चारने मंजूर झाला, अथेन्सला पाठवला, आणि आजतागायत त्याचं उत्तर नाही. बोटी वारा नेईल तिथे येत राहिल्या.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. जन्ममृत्यूची नोंदवहीही त्यांच्याकडेच. वरून निरोप आला, लिहा: अज्ञात पुरुष, वय अंदाजे पंचवीस. बाई म्हणाल्या, "अज्ञात कसा? त्याच्याबरोबर एक्केचाळीस माणसं होती. त्यांना कोणी विचारलं का?"

त्या लोकांना तोवर मुख्य भूमीवरच्या छावणीत हलवलं होतं. नऊ तासांचा जहाजाचा प्रवास. आणि बाईंना तर नुसता धक्का बघून मळमळतं! एके दिवशी हॉटेलवर आल्या. "थ्रासिवुलोस, तुमच्याकडे गाडी आहे. पोचेपर्यंत गप्प बसू शकत असाल तर चला."

मी गप्प बसलो. साक्षीदार बाई आहेत. मला ते जमणार नाही अशी सारांदिसने धक्क्यावर पैज लावली होती, तो हरला.

छावणीत ती लाल पडद्यातली म्हातारी भेटली. तिने दुभाष्यामार्फत त्या तरुणाचं नाव सांगितलं: मुहन्नद. घशातला तो "ह" आपल्या ग्रीक जिभेला येता येईना. बाईंनी तिच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. मग मला म्हणायला लावलं. माझा उच्चार ऐकून म्हातारी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसली, मग रडली, मग पुन्हा म्हणाली, "मुहन्नद." बाईंनी एकेक अक्षर लिहिलं. नोंदीत व्यवसायाचा रकाना होता. त्यांनी विचारलं. शिंपी. तेही लिहिलं.

परतताना जहाजाच्या कठड्याला धरून, हिरव्यागार चेहऱ्याने बाई मला म्हणाल्या, "आता तो आपल्या वहीत आला. वहीतल्या माणसाच्या कबरीची निगा नगरपालिकेने राखायची असते. ठराव तुम्ही मांडा."

"मी? बाई, माझा पक्ष मला खाईल!"

"उरानियाने मांडला तर तुमचे पाच विरोध करतील. तुम्ही मांडलात तर कोण करेल?"

मी मांडला. बाईंच्या चौतीस वर्षांच्या कारकिर्दीत या सभागृहात एकमताने मंजूर झालेले ठराव दोन. एक, उन्हाळ्यात सभा घ्यायच्या नाहीत. दुसरा हा.

मित्रहो, हे ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये, की माझी भूमिका बदलली. एवढ्याशा बेटावर सगळं ढकलून मोठे देश झोपा काढतात, हे मी उद्याही म्हणणार. माझी भूमिका कायम आहे. उरानिया, हसू नकोस. बरीचशी कायम आहे.

एव्दोकियाबाई, तुम्ही उद्या लेकीकडे राहायला चाललात. जहाजानेच जावं लागणार, त्याला आमचा इलाज नाही. मी धक्क्यावर येईन, लिंबं घेऊन. आजवर आम्ही जे बोललो ते तुम्ही लिहिलंत, आणि आम्ही बोलायला नको होतं तेही लिहिलंत. पण जे केलं त्याची शेखी आम्हाला कधी मिरवू दिली नाहीत. त्याबद्दल या सभागृहाच्या वतीने, दोन्ही पक्षांच्या वतीने, मी तुमचे मनापासून आभार मानतो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही कोणी उठून गेला नाहीत, तुमचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाला बोकड वगैरे म्हणालो असेन, तर जेवणाआधी माफ करून टाका. जेवणानंतर तुम्हीही मला काही म्हणा, ते लिहून घ्यायला आता कोणी नाही.

नमस्कार.