खडकावरचा फोटो

पाचोऱ्याच्या फोटो स्टुडिओत सारिका रांगेत बसली होती. तिच्यापुढे कोकण पाहून कालच परतलेलं एक म्हातारं जोडपं, मोबाइलमधला एक फोटो मोठा करून घ्यायला आलेलं.

“आबा, यात सूर्य कुठंय?” स्टुडिओवाल्याने विचारलं.

“कसा येई? तीन दिन पहाटे खडकावर, समुद्राकडे तोंड करीसन बसनू. अन् तो मांगून, डोंगरातून निंघना!”

“लोके हासेत,” म्हातारी म्हणाली. “पन हे ऐकतीन तं ना!”

“आणि संध्याकाळी?”

“दुपारले ऊन, सांजले ढग. तिन्ही दिन.”

“मग हा कशाला? यात तर नुसत्या अक्काच हसतायत.”

“मांगे वळनू, तं कवळं ऊन हिना तोंडवर. दाबी दिधं बटन.”

सारिकाने मान वाकवून पाहिलं. काळा ओला खडक, आणि हळद लागल्यासारखा उजळलेला चेहरा.

“पदर बी नीट नही,” अक्का पुटपुटली. “समुद्राचाच मोठा करा ना.”

“गेल्या साली डॉक्टर म्हणे, हिला घरी न्या, आता आशा नही. हार घालाले घरमा हिना एक फोटो सापडना नही, भाऊ. पन देवनी परत धाडी. आते हाऊच मोठा कर.”

स्टुडिओवाल्याने फ्रेमचं माप लिहून घेतलं.

“मंग काच पक्की लाव रे भाऊ,” अक्का म्हणाली. “रोज पुसाले मीच शे.”