चौकशीच्या खिडकीतली पट्टी

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या रुग्णालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर डॉक्टर, समोर बसलेल्या सिस्टर, मावश्या, मामा, आणि "हिचं भाषण कधी आहे हो?" असं शेजाऱ्याला विचारणारे आमचे हे! अहो, कार्यक्रमपत्रिका तुमच्या मांडीवरच आहे.

हसा, हसा! आज निवृत्त होताना मी इतकी खूश आहे की विचारू नका. उद्यापासून "बाई, एक्स-रे कुठे?" हे माझ्या कानावर पडणार नाही! अख्खी नोकरी मी चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकीच्या वर ही एवढी मोठी पाटी. एक्स-रे डावीकडे, रक्ततपासणी उजवीकडे, भेटायची वेळ चार ते सहा. कोणी मान वर करेल तर शपथ! म्हणून मी ती पाटी खाली घेतली, ऐन काचेसमोर टांगली. तर लोकांनी काय करावं? पाटी हातानं बाजूला सरकवली, वाकून आत डोकावले आणि म्हणाले, "बाई, एक्स-रे कुठे?"

सांगा आता, माणसाचं डोकं फिरेल की नाही? शेवटी मी बोलणंच सोडलं. एक लाकडी पट्टी आणली. कोणी तोंड उघडलं की पाटीवर टक्! तेव्हापासून मी पट्टीवाल्या ताई झाले. या व्यासपीठावरच्या एका सर्जन साहेबांनाही ती टकटक ऐकावी लागली आहे. नाव सांगत नाही, पण लाजताहेत कोण ते बघा. घरी तर आनंदच. फ्रिजवर चिठ्ठी असते, "जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय." आमच्या ह्यांचा फोन येतो, "अगं, फ्रिजवर कसली चिठ्ठी आहे?"

पण मंडळी, एक शिंपीकाका यायचे. काकू वर अतिदक्षता विभागात होत्या. काका रोज विचारायचे, "ताई, भेटायला कधी सोडतात?" रोज माझं टक्. एक दिवस माझा पारा चढला. "काका, वाचता येत नाही का?"

"येतं की. पाटी पाठ झालीय," काका म्हणाले. "पण तुम्ही नुसतं म्हणा ना ताई, चारला या म्हणून. कोणी या म्हटलं की वाटतं, चारला ती असेल."

मी पट्टी खाली ठेवली. मग म्हटलं, "या काका, चारला या." रोज म्हटलं. काकू बऱ्या झाल्या. घरी जाताना दोघं जोडीनं आले आणि 'बाहेर' लिहिलेल्या बाणाखाली उभं राहून विचारलं, "ताई, बाहेर जायचं कुठून?" मी चिडले का? चिडलेच! पण तोंडानं सांगितलं.

आता सोमवारपासून माझी खिडकी बंद होणार आणि तिथे बोट लावून माहिती बघायचा पडदा, तो टचस्क्रीन, बसणार, असं ठरतंय. माझ्या शेजारी बसून शिकलेली आमची धाकटी सहकारी गोदामात जाणार. खिडकी ठेवा, तिला तिथे बसवा, असा अर्ज मी साहेबांना दिलाय. मघाशी पुष्पगुच्छ देताना साहेब हळूच म्हणाले, "ताई, तुमची नेमकी मागणी काय हो?"

साहेब, तो अर्ज तुमच्या समोरच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर आहे. ही बघा पट्टी. टक्!

अहो, टाळ्या नंतर वाजवा, साहेब वाचताहेत! वाचू द्या त्यांना. तोवर मी आभार मानून घेते. तुम्ही सगळ्यांनी माझा राग इतकी वर्षं हसत सोसलात, तुमची मी मनापासून ऋणी आहे. कोणाला माझी टकटक लागली असेल, तर त्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं.

काय साहेब? सही केलीत? कागद मला दाखवताय? नको साहेब, मी वाचणार नाही. धाकटीही तिकडे उभी राहिलीय.

तुम्ही तोंडानं सांगा.