लग्नातली पँट

विमान उडालं आणि झाडांचे शेंडे ओलांडायच्या आत खाली आलं. आकाशातून उड्या मारायला निघालेली सगळी माणसं वैमानिकासकट गेली. चौकशीच्या साहेबांच्या दाराबाहेर वैमानिकाची आई बाकावर बसली होती. शेजारी एक सासू-सून कुजबुजत होत्या. कुजबूज कसली, दवंडीच ती.

"आई, साहेबांनी ह्यांची रोजची पँट मागितली होती. तुम्ही लग्नातली आणलीत."

"तीच शोभायची त्याला."

"गुडघ्याच्या वर चढत नव्हती ती! विमानात वजन जास्त झालं होतं का, ह्याचा अंदाज घ्यायला मागवलीय. विमानात चढताना सगळ्यांनी वजनं नुसती तोंडी सांगितली. ह्यांनी पंच्याहत्तर सांगितलं असणार."

"मग होतंच पंच्याहत्तर."

"आणि आपला पलंग मोडला तो?"

"लाकूड किडकं होतं. गेलेल्या माणसाला जाडा म्हणतेस, जीभ कशी झडत नाही तुझी!"

वैमानिकाच्या आईला राहवेना.

"अहो बाई, तुमचा लेक बारीक ठरला, तर विमान माझ्या लेकानं पाडलं असं ठरेल."

सासूनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"विमान चालवणारा तुमचा?"

"हो."

"जेवायचा का नीट?"

"छे! नुसती काडी. जेव म्हणून ओरडून घसा बसायचा माझा."

"माझाही बसायचा. पुरे म्हणून."

 मग सासू सुनेवर खेकसली, "बघत काय बसलीस? जा, रोजची पँट आण. आणि पट्टाही आण. त्याचं शेवटचं भोक मीच पाडलंय, तापल्या खिळ्यानं."