शून्याचं तिकीट

"हॅलो?… हो, मीच… कोण बोलतंय?"

अनोळखी नंबर उचलताना सुनीतीला हल्ली सासऱ्यांचं एक वाक्य आठवायचं. "नाव-गाव घालू नकोस, सुनीती," विष्णुपंत म्हणाले होते. तहसील कचेरीत चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कागदावर नाव आलं की त्या नावामागच्या माणसाला किती खेटे घालावे लागतात, हे त्यांनी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलं होतं. सुनीतीनं तेव्हा लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नाही. "आमची रविवारची पुरवणी कोण वाचतंय, बाबा," असं म्हणून तिनं लेख पाठवून दिला होता.

"आरती?… कोण आरती?… जरा मोठ्यानं बोला ना, आवाज तुटतोय…"

दुपारचे तीन वाजत आले होते. झोळीत मनवाचा नुकताच डोळा लागला होता. झोळीची दोरी न सोडता सुनीती खिडकीपर्यंत सरकली.

"भीमाबाईंची सून?… हो… हो, ओळखते ना. अगं, ओळखते म्हणजे काय…"

दोरी हातातच थांबली.

दिवाळीत माहेराहून परतताना जामखेडच्या स्टँडवर ती खर्ड्याकडून आलेल्या एसटीत चढली होती. मनवाला दात येत होते आणि रडून रडून तिचा चेहरा लाल झाला होता. शेजारच्या बाईनं हात पुढे केले, तेव्हा सुनीतीची नजर आधी तिच्या नखांवर गेली. बाईनं ते पाहिलं. बाटलीतल्या पाण्यानं खिडकीबाहेर हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "आता द्या." नगर येईपर्यंत मनवा त्या मांडीवर झोपली.

त्या भीमाबाई. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, म्हणून कंडक्टरनं त्यांना शून्याचं तिकीट काढून दिलं, आणि त्यांनी हसत हसत सगळ्या गाडीला ऐकवलं की आपलं वय काही तेवढं नाही. गावात आधार कार्डाचा कॅम्प लागला, जन्मतारीख कुणाला ठाऊक होती! लिहिणाऱ्यानं तोंडाकडे बघून वर्ष टाकलं. "आमच्या मालकापरीस मी बारा वर्सांनी मोठी हाय कार्डावर. त्ये जित्ते आसते तर मला आक्का म्हनले आसते."

महिन्यापूर्वी एका शनिवारी सुनीतीला विषय सुचेना. तेव्हा तिनं हेच वाक्य जसंच्या तसं छापलं. नावासकट, गावासकट.

"नंबर कुठून मिळाला तुला?… आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी दिला होता. ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी… हो, मीच दिला होता त्यांना. काही लागलं तर फोन करा म्हणाले होते… नाही, त्यांनी कधी नाही केला."

तिनंही केला नव्हता. 'भीमाबाई एसटी' या नावानं नंबर तिच्याकडे होता. गेल्या पंधरवड्यात चार वेळा ते नाव काढून तिनं परत ठेवून दिलं होतं.

"आत्ता कुठे आहेस तू?… सोनईला, उसाच्या फडात… आणि हा फोन कुणाचा? मुकादमाचा?… बरं, बरं, सांग पटकन."

आरती पटकन सांगू लागली, पण तिच्या मागे कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, त्यामुळे अर्धं सुनीतीला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. आरती आणि तिचा नवरा कल्याण ऊसतोडीला गेले होते. घरी भीमाबाई एकट्या. परवापासून त्यांचा फोन बंद लागत होता. त्याआधी रविवारी बोलल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या की आता मी गाडीत पाय ठेवायची नाही.

"का?… व्हिडिओ? कसला व्हिडिओ?"

कसला ते सुनीतीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लेखाचा फोटो काढून कुणीतरी वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. तिथून तो मोबाईलवरच्या एका बातम्यावाल्याला सापडला आणि लाल पट्टी फिरू लागली: 'खोट्या म्हाताऱ्या, फुकटचा प्रवास.' सुनीतीनं तो व्हिडिओ दोन मिनिटं पाहून बंद केला होता. भीमाबाई कुठे मोबाईलवर बातम्या बघतात, असं स्वतःला सांगितलं होतं.

भीमाबाईंनी तो पाहिला नव्हता. त्यांना तो दाखवला गेला होता. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर. एका पॅनलनं म्हणायचं खोटी कार्डं तुमच्या काळात निघाली, दुसऱ्यानं म्हणायचं तुम्ही गावाची अब्रू घालवली. आणि दोघांनीही बाईला सांगायचं की आता तपासणी येणार, कार्ड जाणार, निराधारचा पगारही बंद होणार.

"पोलीस?… नाही गं, पोलीस नाही येत अशाला. कोण म्हणालं?… त्यांना काय, ते काहीही म्हणतात… नाही नाही, कार्ड कुणी ओढून नेत नाही. दुरुस्त करता येतं ते, अर्ज करायचा फक्त…"

शिकलेल्या माणसाला ही वाक्यं भराभर येतात, तशी तिला आली.

"आणि हे बघ, बायकांना अर्धं तिकीट आहेच ना? तेवढं काढून तरी… काय?… पैशाचं नाही… मग?"

ट्रॅक्टर बंद झाला होता. आरतीचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं, आणि सुनीतीनं ते नकळत परत म्हटलं.

"तोंड दाखवायची लाज वाटती."

समोर खुर्चीत बसलेल्या विष्णुपंतांनी हातातला पेपर थोडा खाली केला.

सुनीतीला भीमाबाईंची पिशवी आठवली. त्यात काचबिंदूच्या थेंबांची बाटली होती, दर महिन्याला नगरच्या दवाखान्यातून आणायची. डॉक्टरांनी काय बजावलंय तेही त्यांनी गाडीत सांगितलं होतं: एक दिवस चुकवायचा नाही, गेलेली नजर माघारी येत नाही. तेवढं सुनीतीनं लेखात घेतलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"आरती, थेंबांचं काय?… संपले? कधी?… अठरा दिवस?… अगं, अठरा दिवस झाले?"

मनवा झोळीत कुरकुरली. दोरी पुन्हा हलू लागली, जरा जास्तच जोरात.

"कल्याणला नाही का येता येणार?… मुकादम नाही म्हणतोय… हो, पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत कसं सोडतील… शेजारी कुणी?… अख्खी आळी तोडीला गेलीय. बरं… रडू नकोस. ऐक ना… हो, ऐकतेय मी."

मग आरतीनं ते काम सांगितलं, ज्याच्यासाठी तिनं मुकादमाच्या हातापाया पडून फोन मागून घेतला होता. भीमाबाई तो किस्सा प्रत्येक गाडीत सांगायच्या. गाडीतल्याच कुणीतरी ऐकून तो पेपरात दिला असणार. ताई पेपरात कामाला आहेत, तर त्यांनी तेवढा माणूस शोधून द्यावा. त्यानं एकदा गावात येऊन सगळ्यांसमोर सांगावं की म्हातारीनं काही खोटं केलं नाही, म्हणजे ती परत गाडीत बसेल.

"मी… हो. बघते ना… ऑफिसात विचारते. कुणी दिलं ते… हो, कळेल. कळेलच."

विष्णुपंत चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, आणि त्या वेळी त्यांनी सुनेकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"नको, उपकार कसले… नाही गं, असं नको म्हणू… काय म्हणाल्या आत्या?"

आत्या म्हणाल्या होत्या, त्या ताईला विचार, तिचं लेकरू माझ्या मांडीवर निजलंय, ती आपली हाय.

सुनीतीनं दोरी सोडली. झोळी दोन-तीन हेलकावे खाऊन थांबली.

"आरती, ऐक ना… नाही, आधी माझं ऐक. ठेवू नकोस फोन. ऑफिसात कुणाला विचारायची गरज नाही… अगं ऐक ना. ते मी लिहिलंय."

पलीकडे नुसता वारा.

"हो. मी… नाव मी घातलं. गावही मीच घातलं… बाबांनी नको म्हटलं होतं, तरी घातलं… वाईट म्हणून नव्हतं लिहिलं, हसायला म्हणून… नाही, तसं नाही, हसायला म्हणजे त्यांना हसायला नाही… हॅलो?… मी जाते उद्या पहिल्या गाडीनं. थेंब घेऊन जाते. पारावर उभी राहून सांगते, सगळ्यांसमोर, मीच… आरती?… ऐकू येतंय ना तुला?… हॅलो?… हॅलो?"

तिनं फोन कानापासून काढून पाहिला. कट झाला होता, पण कुठल्या शब्दावर, ते काही पडद्यावर लिहिलेलं नसतं. परत लावला तर नंबर व्यस्त. पुन्हा लावला, मुकादमानं उचलला. बाई मोळ्या बांधायला गेली, म्हणाला, आणि ठेवून दिला. 'भीमाबाई एसटी'ला लावला. बंद.

औषधाच्या चिठ्ठीचं काय करायचं, मनवाला उद्या दिवसभर काय द्यायचं, हे विष्णुपंतांनी एकेक करून विचारायला घेतलं. कार्डाच्या दुरुस्तीचा अर्ज मी आत्ताच लिहायला बसतो, म्हणाले. पण त्या गावाला जाणारी आजची शेवटची गाडी दुपारीच सुटली होती, आता पहिली गाडी उद्याची. आज त्या घरी कोण जाणार? सुनीतीनं तोच ग्रुप उघडला, जिथे महिन्यापूर्वी तिच्या लेखाखाली टाळ्यांची रांग लागली होती, आणि उभ्या उभ्या लिहिलं:

"वाचणाऱ्यांपैकी आज संध्याकाळपर्यंत खर्ड्याच्या बाजूला कुणी जाणार असेल, तर कृपा करून मला फोन करा. एक बाई घरी एकट्या आहेत, डोळ्यांचं औषध संपलंय, फोन बंद आहे. नाव-गाव या वेळी इथे लिहीत नाही, फोनवर सांगते. दाराशी जाऊन हाक मारा. त्यांना समोरचं नीट दिसतंय का, तेवढं बघा. जेवल्या का विचारा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, रागावल्या तर रागावू द्या. पेपरात वाचून आलोय, एवढं मात्र त्यांना सांगू नका."