लॉनवर पालथा पडलेला सर्जन

नाही, मी म्हणतो, आपल्याच लॉनवर पालथं पडायला माणसानं आधी मरायलाच हवं का? तुम्हाला सांगतो, साउथहॅम्प्टनला अठरा वर्षं काढली, अशी शोभा कधी झाली नव्हती... आणि सगळं केलं कुणी? आमच्या सुप्रभानं! अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल. मी चार ऑपरेशनं उरकून घरी येतोय, बूटसुद्धा काढले नाहीत, आणि बायको म्हणते, "अहो, शनिवारच्या क्लासला आपली दोघांची नावं घातलीत." मला वाटलं, बॉलरूम डान्सिंग! तर नाही. विषय काय? रेनेसान्समधला निसर्ग!

शिकवायला मिसेस हॅरप. वय सत्तर, चष्मा दोरीला. म्हणाल्या, शेकडो वर्षं लोक झाडांची चित्रं जुन्या पुस्तकांतून उतरवायचे, नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, शेवटी झाड कुठलं तेच कळेना! मग पाचशे वर्षांपूर्वी काही जणांनी काय केलं? गवताचं ढेकूळ मुळासकट उपटलं, टेबलावर ठेवलं आणि बघत बसले. चित्र काढायचं, शेजारी वर्णन लिहायचं, आणि आत काय आहे म्हणून कापूनही बघायचं. म्हणजे चित्रकार, लेखक, सर्जन, सगळं एकच माणूस!

मी म्हटलं, "बाई, बॉटनीत मला डिस्टिंक्शन होतं."

त्या हसल्या. "येस डॉक्टर, बट हॅव यू लुक्ड?"

आता हा काय प्रश्न झाला?

गृहपाठ काय, तर बागेतली एक गोष्ट निवडा. चित्र काढा, वर्णन लिहा, कापून बघा. मी निवडलं डँडेलायन. ते हो, लॉनभर पिवळं रान माजतं ते, ज्याच्यावर मी दरवर्षी औषध मारतो! म्हटलं, दहा मिनिटांचं काम. चिमट्यानं एक पाकळी ओढली, भिंगाखाली धरली... आणि तुम्हाला सांगतो, ती पाकळी नव्हतीच! अख्खं फूल होतं! खाली इवलंसं बी, वर दोन मिशा वळवलेल्या. दुसरी काढली, तेही फूल! एका फुलात फुलं मोजली एकशे बासष्ट, आणि ह्या गावावर मी अठरा वर्षं विष फवारतोय!

मग एकदम आठवलं. आमचं बॉटनीचं जर्नल! मी उतरवलं वर्गातल्या माधवचं, माधवनं त्याच्या थोरल्या भावाचं, आणि भावानं कुणाचं, देव जाणे. डिस्टिंक्शन मिळालं, फूल कुणी बघितलं? हॅव यू लुक्ड? नाही बाई, नाही बघितलं!

लाजच वाटली हो. म्हटलं, आता त्याच्या उंचीवरूनच काढायचं. पडलो पालथा. मुंगी आली, गेली. माशी आली, पिवळी होऊन गेली. दोन तास कसे गेले, कळलं नाही... आणि कानाशी आवाज, "कॅन यू हिअर मी, सर?"

अँब्युलन्स! शेजारच्या मिस्टर टिलिंगनी कुंपणावरून बघितलं आणि फोन केला! दोन माणसं, आमच्याच हॉस्पिटलची, एकाचा बूट फुलापासून दोन इंचांवर. मी ओरडलो, "डोन्ट स्टेप ऑन हर!"

तो दुसऱ्याला हळूच म्हणतो, "कन्फ्यूज्ड."

तेवढ्यात सुप्रभा किचनमधून धावत आली. वाटलं, घाबरली बिचारी. तर हातात पेन्सिल! "अहो, उठू नका! माझं अजून अर्धं राहिलंय!"

दोन तास ही खिडकीतून माझं चित्र काढत होती! बागेतली एक गोष्ट म्हणून हिनं निवडलं कुणाला? मला!

शनिवारी माझं चित्र बघून बाई म्हणाल्या, "फ्राइड एग?" पण वर्णन वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. म्हणाल्या, "नाऊ यू हॅव लुक्ड." खोटं कशाला सांगू, डिस्टिंक्शन मिळालं तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती.

मग हिचा कागद. गवताची काडी न् काडी, मधोमध मी, आणि टकलाचं असं चित्रण... अहो, मला माहीतच नव्हतं मागून एवढं गेलंय! खाली लिहिलंय, "लग्नाला एकवीस वर्षं झाली. ह्यांना कशात तरी इतकं रमलेलं आज पहिल्यांदा बघितलं."



बाईंनी विचारलं, "आणि कापून बघितलंत?"

ही म्हणते, "ते अजून बाकी आहे."

ते चित्र बाईंनी फ्रेम करून लायब्ररीत लावलं. बरं, लावा. परवा मी वॉर्डात पाठमोरा उभा, चार्ट वाचतोय. नवीन पेशंट, आयुष्यात कधी भेट नाही, मागून माझं टक्कल बघून आनंदानं ओरडला, "ओह, इट्स यू, डॉक्टर!"

काय करणार? म्हटलं, "येस." आणि वळलो.

तर म्हणतो, "सॉरी... चुकून दुसरेच वाटलात."