हौदावरचा कॅमेरा

कॅमेऱ्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. सौदीत तबूकला आमच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाचं, कुंपण घातलेलं शेत होतं, त्यात हरणं पाळलेली. शिकारीच्या मोसमाआधी मोठ्या शिंगांचे नर किती आहेत हे त्याला हवं असे, म्हणून मी पाण्याच्या हौदापाशी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता.

एका शुक्रवारी त्याचं कार्ड घरी आणून लॅपटॉपला लावलं. नर, मादी, पुन्हा नर, आणि मग कफीलची आई. काठीवरून ओळखलं, चेहरा मी कधी पाहिलेलाच नव्हता. बुरखा वर करून ती सगळ्यात मोठ्या नराला हाताने खजूर भरवत होती. मी लॅपटॉप खाडकन मिटला.

"अहो, पुसून टाका की," बायको म्हणाली.

"फोटोंना क्रमांक असतात. मधलाच गेला तर म्हणेल, पाहिला म्हणूनच पुसला. इकामा रद्द करून देशाबाहेर काढतील, आत टाकतील ते वेगळंच."

"मग सरका. बाकीचे मी बघते."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. ती नर सांगत गेली, मी लिहीत गेलो.

संध्याकाळी कार्ड कफीलच्या हातात ठेवलं. "शेख, यात घरच्या बायका आल्यात. फोटो माझ्या बायकोने बघितले."

"आणि तू?"

"मी आकडे लिहिले."

त्याने कार्ड खिशात टाकलं. "खलास."

मी दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून त्याने सहज विचारलं, "आई त्या मोठ्या नराला अजून खजूर चारते का रे?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

म्हटलं, "बायकोला विचारून सांगतो."